पाठंगुळीचं सोंग

सुभद्रेबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही धादांत खोट्या आहेत. एक म्हणजे, तिला पेंढ्याच्या बाईनं झपाटलं. दुसरी म्हणजे, तिनं सासऱ्याची भर जत्रेत अब्रू काढली. मी अंबुबाई, तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिच्या अंगावर ते सोंग माझ्या या हातांनी बांधलंय. तेव्हा खरं काय ते मला विचारा, पारावर बसून तंबाखू मळणाऱ्यांना काय विचारता? नातसुना म्हणतात, आजी, जरा शुद्ध बोला. बोलते बाई शुद्ध. पण तेव्हाची माणसं तेव्हाच्याच बोलीत बोलतील, ती काही मी धुऊनपुसून देणार नाही.

आमचं पिंपळे गुरव तेव्हा पवनेच्या काठचं लहानसं गाव. पलीकडं पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, आमची पोरं सायकली मारत खडकीला कामाला जात होती, पण चैत्रात भैरोबाची जत्रा भरली की सगळे पुन्हा गावचे होत. जत्रेत उन्हं कलली की सोंगं निघत. कुणाचा गणपती, कुणाचा रावण, कुणाची म्हाळसा. ज्या घराचं सोंग त्या घराचा मान, आणि तो बापाकडून लेकाकडं जायचा. एखाद्या वर्षी घरातून सोंग निघालं नाही, की मान गेला भावकीत. मग रडत बसा.

दत्तोबाच्या घराचं सोंग पाठंगुळीचं. ते कसं असतं सांगते. माणूस एकच, पण दिसतात दोन. पेंढा भरून एक वाकलेली बाई करायची, तिला लुगडं-चोळी नेसवायची, तोंड कापडाचं, त्यावर काजळाचे डोळे नि आडवं कुंकू. ही बाई नाचणाऱ्यानं कमरेला पुढं बांधायची. लुगड्याखाली पाय नाचणाऱ्याचेच, पण ते वाटतात बाईचे. नाचणारा स्वतः कमरेच्या वर म्हातारा होतो: पागोटं, कापसाच्या मिशा, तोंडाला पिवडी, म्हणजे पिवळी माती. म्हाताऱ्याचे खोटे पाय, तेही पेंढ्याचे, दोन बाजूंना लोंबत सोडायचे. झालं! वाकलेल्या सुनेच्या पाठीवर सासरा बसलाय, असं दिसतं. म्हातारा तंबाखू मागतो, काठी मारतो, ती अडखळते, हा पडता पडता वाचतो. लोक हसून हसून पोट धरायचे.

मीही हसायची. पण माझ्या सासूबाई कधी हसल्या नाहीत. त्या सांगायच्या, ती बाई खरी होती. याच घराची सून. प्लेगात गाव उठून रानात झोपड्या घालून राहिलं, तेव्हा तिनं सासऱ्याला पाठीवर घेतलं आणि चालत सुटली. म्हातारा वाटेतच गेला. तिला कळलं नाही. ती त्याच्याशी बोलत बोलत रानापर्यंत गेली, आणि लोकांनी उतरवायला हात लावले तेव्हा कळलं, की थंडगार पडलाय. पुढं म्हणे ती जन्मभर तशीच वाकून चालायची. गावानं त्याचं सोंग केलं, आणि मग कधीतरी सोंगाचं हसं झालं. आता काय बोलायचं गावाला! पण एक रीत तेवढी राहिली होती. सोंग नाचून झालं, की घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आधी नदीवर जायचं, बाईचं पोट उसवायचं, पेंढा पाण्यात सोडायचा. त्याला सोंग उतरवणं म्हणत. का, तर तिचं ओझं तिथं उतरावं, घरात येऊ नये.

दत्तोबानं हे सोंग असं नाचवलं, की तळेगावचे लोक बघायला यायचे. हलगी वाजवायला कायम कोंडाजी. दोघांची जोडी म्हणजे दोन देह नि एक ताल. आणि मग एका पावसाळ्यात दत्तोबाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा, पाय लुळा, वाचा बंद. तोंडातून नुसतं घरघरणं. काही हवं असलं, की डावा पंजा जमिनीवर आपटायचा. धप्, धप्. पाणी हवं, धप्. कूस बदलायची, धप्. कपडे भिजले, धप्. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. दुपारी जरा डोळा लागावा तर धप्. सुभद्रा नदीवर धुणं धुताना एकदम मान वर करायची. मी म्हणायची, "काय गं?" तर म्हणायची, "मामंजींनी बोलावलं." नदी कुठं, घर कुठं!

त्याच्या दोन लेकांनी वाटण्या करून घेतल्या होत्या. थोरल्यानं विहिरीकडचा तुकडा घेतला. धाकट्या अर्जुनरावाकडं वरचं माळरान, सोंगाचा मान आणि म्हातारा. वाटणीत म्हातारा! हसू नका, तसंच बोलले होते पंच. अर्जुनराव खडकीच्या कारखान्यात. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा, बापाच्या शेजारी बसून "कसं काय बाबा" म्हणायचा, की झालं त्याचं लेकपण. बाकी सगळं सुभद्रा. म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन अंगणात आणायचं, उन्हात बसवायचं, धुवायचं, पुसायचं, भाकरी दुधात कुस्करून भरवायची, पुन्हा पाठीवर घेऊन आत न्यायचं. दत्तोबा हाडापेरानं थोराड होता. ही चवळीच्या शेंगेएवढी. बरं, तिला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं, त्यामुळं कुणाला काही दिसतच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिचं माहेर चाकणचं. सासरा पडल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. जाणार कशी? आठ दिवस म्हाताऱ्याकडं कोण बघणार? जाऊ होती शेजारच्या सोप्यात, थोरल्याची बायको शालनबाई. पण वाटणी म्हणजे वाटणी.

त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी चाकणच्या बाजारचा एक कांदेवाला निरोप घेऊन आला. "तुझी आय लय थकली. डोळ्याला दिसत न्हाई. सारखं तुझं नाव घेती. लेकीचं तोंड एकदा चाचपू द्या म्हनती. उशीर करू नगंस." एवढं बोलून तो गेला, आणि सुभद्रा तिथंच दारात खाली बसली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." मी जन्मात त्या शब्दाइतका नामर्द शब्द ऐकला नाही. मग ती शालनबाईकडं गेली. मी अंगणात तांदूळ निवडत होते, सगळं ऐकलं.

"जाऊबाई, आठ दिस मामंजींना बघा. आई जायला टेकलीया. पाया पडते."

"अगं, माझी कंबर दुखती. अन् वाटणीत काय ठरलंय ते ठाऊक हाय ना तुला? आज आठ दिस म्हनशील, उद्या आठ म्हैने. येकदा हात लावला, की ते गळ्यातच पडतं बाई."

सुभद्रा परत आली. रडली नाही. तेच मला बरं वाटलं नाही.

जत्रेच्या दिवशी सोंग अर्जुनरावानं नाचायचं ठरलं होतं. बाप पडल्यापासून तोच कसाबसा नाचत होता, खुंटा रोवल्यासारखा. त्या दिवशी सकाळी बघते तर हा सायकल काढून निघालेला. म्हणे, साहेबानं बोलावलंय. साहेब गेला खड्ड्यात! कारखान्यातले चार सोबती जत्रेला येणार होते, आणि त्यांच्यापुढं लुगडं नेसून नाचायची लाज वाटली मेल्याला. दुपार टळली. रावण निघाला, म्हाळसा निघाली. जत्रेचा कारभारी चिमाजी दोनदा ओरडून गेला, "पाठंगुळी निघनार हाय का न्हाई? न्हाईतर मान सोडल्याचं सांगा!"

मी सुभद्रेच्या घरात शिरले तर तिनं पेंढ्याची बाई माळ्यावरून खाली काढून भरून ठेवलेली. दत्तोबा भिंतीला टेकून बसलेला, तिनं त्याच्या डाव्या हातात गोडीशेव दिलेली. ती मला म्हणाली, "आक्का, हे माझ्या अंगाला बांधा."

"अगं बया! येडी का खुळी? बाईमाणसानं सोंग घेतल्यालं कुनी ऐकलंय का?"

"पिवडी लावल्यावर कुनाला कळतंय? मी तोंड उघडनार न्हाई. आक्का, बोलून कुनाला ऐकू आलं न्हाई. आता नाचून दावते. मग तरी कुनीतरी म्हनंल, जा, मी बघतो म्हाताऱ्याला."

"अन् नाचता येतंय तुला?"

"मामंजी अंगनात लेकांना शिकवायचे. लेकांचं ध्यान नव्हतं. मी चुलीपुढनं बघायची."

मी बांधलं. तिच्या केसांवर पागोटं दाबून बसवलं, मिशा चिकटवल्या, दत्तोबाची जुनी बंडी घातली. मागं वळून बघितलं तर दत्तोबा मान पलीकडं वळवून दारातून उन्हाकडं बघत होता. त्याला काही कळलं असेल असं मला वाटलं नाही. दाराला बाहेरून कडी घातली आणि आम्ही निघालो.

देवळापुढं पाठंगुळी आली तशी लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोंडाजीनं हलगी शेकून घेतली आणि नेहमीचा ठेका धरला. ती दोन गिरक्या नेहमीच्याच नाचली. म्हाताऱ्यानं तंबाखू मागितली, लोक हसले. एकजण ओरडला, "अर्जुना, औंदा पाय लवतोय रं तुझा!" आणि मग ती थांबली. तिनं पाठीवरच्या म्हाताऱ्याला उतरवलं.

कसं उतरवलं, विचारू नका, मला अजून सांगता येत नाही. अंगाला बांधलेलं सोंग, उतरणार कुठं? पण तिनं गुडघे असे हळूहळू मोडले, की पाठीवरचं माणूस जमिनीला टेकलेलं आम्हाला दिसलं. मग पेंढ्याच्या बाईचं तोंड त्याच्याकडं वळवलं. त्याचं तोंड पुसलं. त्याला कुशीवर केलं, धुतलं, कोरडं केलं. घास केला, भरवला. त्यानं तो थुंकून टाकला. तिनं पुसलं. पुन्हा भरवला. पुन्हा उचललं, चार पावलं चालली, पुन्हा उतरवलं. तेच, तसंच, परत. कोंडाजीचा ठेका आपसूक संथ झाला. पोरं अजून हसत होती, पण बायकांकडचं हसू आधी थांबलं. माझ्या शेजारी एक परगावची म्हातारी होती, ती पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागली. मी तिला ओळखतही नव्हते.

आणि मग वरच्या म्हाताऱ्याचा उजवा हात लुळा पडला. मान एकीकडं झुकली. डावा पंजा उठला आणि पेंढ्याच्या पाठीवर आपटला. धप्. धप्.

तो आवाज गावात कुणाला ठाऊक नव्हता? सगळ्या आळीनं ऐकलेला. कोंडाजीच्या हातातली काडी गळाली. तो किंचाळला, "दत्तोबा! दत्तोबा गेला रं! गेला अन् सोंगात आला!"

आमच्यात अशी समजूत होती, की मानकरी जत्रेच्या दिवशी गेला तर आधी आपल्या सोंगात येतो, नाचून घेतो, मग पुढं जातो. तेव्हा कुणाला सांगावं लागलंच नाही. लोक भुईवर आडवे झाले. कुणी नारळ फोडला, कुणी भंडारा उधळला. तिचे पाय धरले, म्हणजे त्याचे. शालनबाईनं तिथंच गळा काढला, "मामंजी, माझं चुकलं हो, मी तुमाला पानीसुदिक पाजलं न्हाई!" मी ओरडत होते, अरे मुडद्यांनो, तसं काही नाही. पण हलगीपुढं माझं कोण ऐकतं? पिवडीच्या आडून सुभद्रेचे डोळे मला दिसत होते. ती घाबरली होती. बोलावं तर आवाज बाईचा. त्या लोंढ्यानं तिला तशीच उचलली आणि दत्तोबाच्या घराकडं नेली, मेलेल्या म्हाताऱ्याला भेटवायला.

चिमाजीनं कडी काढली. सगळे उंबऱ्यात थबकले. आत दत्तोबा भिंतीला टेकून जिवंत बसलेला, हनुवटीला गोडीशेव चिकटलेली.

दत्तोबानं मान वळवली. समोर वाकलेली बाई, आणि तिच्या पाठीवर त्याची बंडी घातलेला, लुळ्या हाताचा, वाकड्या मानेचा तो स्वतः. आपण दुसऱ्याला कसे दिसतो ते कुणी जित्या माणसानं बघू नये हो. मला वाटलं, आता हा खरंच जातोय. त्याची नजर पेंढ्याच्या बाईच्या तोंडावर गेली, मग वर आली आणि पिवडीवर थांबली. घामानं पिवडी ओघळत होती. त्यानं ओळखलं. डाव्या हातानं त्यानं डोक्याला खूण केली: काढ ते.

चिमाजीनं पागोटं ओढलं. केस सुटून खाली आले.

पुढचा गलका सांगत नाही. बाईनं सोंग घेतलं, देवाचा कोप होणार, जत्रा बाटली. जो तो नाकानं कांदे सोलायला लागला. शालनबाईचं रडं तर असं थांबलं, जसं कुणी बूच मारलं. चिमाजी गरजला, "मान जप्त! अन् या घराचं पाऊल पुन्हा देवळात न्हाई! दत्तोबा, तू मानकरी. तुझ्या संमतीनं झालं का हे? व्हय का न्हाई, एवढं सांग."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. सुभद्रा त्याच्यापुढं उभी, अंगावर अजून ती बाई बांधलेली. तो नाही म्हणाला असता, तर माहेर राहिलं बाजूला, तिला नवऱ्यानंही घरात ठेवलं नसतं. आणि त्यानं नाही का म्हणू नये? सगळ्या गावाला त्याचं धुणं-पुसणं दाखवलं होतं तिनं.

दत्तोबानं डावा पंजा उचलला. आपटला नाही. हवेत आडवा धरला आणि हळूच खाली दाबला. पुन्हा वर, पुन्हा खाली दाबला. तोंडातून घरघर.

"काय म्हनतोय?" चिमाजीनं विचारलं.

कोंडाजी पुढं झाला. दत्तोबाच्या हाताची खूण त्याला जन्मभराची ठाऊक. त्यानं दोनदा निरखून बघितलं आणि तो म्हणाला, "ही तालमीची खून हाय. पेंढ्याला वजन नसतं, ते गुडघ्यातनं दावायचं असतं. पोरं हलकी नाचली, की ह्यो असा हात दाबायचा." मग तो सुभद्रेकडं वळला. "तू त्येला हलका उचललास म्हनतोय पोरी. तो म्हनतोय, मी यापेक्षा जड हाय."

दत्तोबा हात दाबतच होता. जड. अजून जड. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. सुभद्रा सोंगासकट खाली बसली आणि जी रडली, ती इतक्या वर्षांचं रडली. मी तर रडलेच. रडले म्हणून सांगायला मला कसली लाज?

चिमाजी पागोटं तिथंच टाकून निघून गेला. मान जप्तीचं कुणी पुन्हा काढलं नाही. आणि शालनबाई, सगळं गाव दारात उभं बघून, म्हणाली, "जा बाई. आठ दिस बघते मी." मनातून म्हणाली का जनाची लाज म्हणून, ते तिचं तिला ठाऊक. म्हणाली एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला आम्ही गाडी जुंपून निघालो. अर्जुनरावाला तोंड वर करवत नव्हतं, म्हणून सोबतीला मी. भोसरी मागं पडली आणि मला एकदम आठवलं. सोंग उतरवलंच नव्हतं! त्या गोंधळात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पेंढ्याची बाई पोट न उसवता पडवीत भिंतीला टेकून उभी होती, काजळाच्या डोळ्यांनी. मी सुभद्रेला काही बोलले नाही. पण बघते तर ती गाडीत पुढं वाकून बसलेली, दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत गुंतवून.

"टेक की जरा दांडीला," मी म्हटलं.

"टेकवत न्हाई आक्का. मामंजी चेंगरतील."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. चाकण येईस्तोवर मी तिच्या पाठीकडं बघितलं नाही.

आई जिवंत होती. तिनं सुभद्रेचं तोंड चाचपलं, कान चाचपले, "सुभेच हाय ही" म्हणाली आणि हसली. तेवढं पदरात पडलं बाई, देवाला सांगायला. रात्री मायलेकी एका घोंगडीवर निजल्या.

सकाळी उठून बघतो तर भावजय अंगणात, डोक्यावर पदर, काखेत गाठोडं. सुभद्रेला म्हणाली, "वन्सं, तुमी आलात तर आता आठ दिस तुमी बघा. मीबी लेक हाय कुनाची. तुमी सहा वरसं आला न्हाई, मी बी सहा वरसं गेले न्हाई." आणि थांबली नाही. खेडच्या वाटेला लागली. रिकामी होती बिचारी, एक गाठोडं तेवढं, पण चालत होती वाकून, एक हात मागं पाठीशी धरून, कुणी घसरू नये म्हणून धरतात तसा. सुभद्रेनं माझा दंड असा आवळला, की वळ उठले.

"आक्का, मी अशी दिसते?"

"न्हाई गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आठ दिवस झाले, भावजय आली नाही. भाऊ आणायला गेला, तो एकटाच परत आला. म्हणे, सासू आहे तोवर ती येत नाही म्हणते. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी ठेवतो आईला, पन बाईमानसाचं धुनं-पुसनं माझ्या हातून कसं व्हायचं?" मी त्याला चार शिव्या हासडणार होते, पण त्याचं रडवेलं तोंड बघून गिळल्या. तिकडं शालनबाईचे आठ दिवस संपलेले. इकडं आई. गाव आजही म्हणतं, सोंग उतरवलं नाही म्हणून हे सगळं तिच्या पाठी लागलं. मी म्हणते, पेंढ्याच्या बाईवर कशाला ढकलता? हाडामासाच्या माणसांनी काय केलं ते बोला की. म्हणते खरी, पण पडवीत तिन्हीसांजेला एकटी जात नाही मी, आजही.

सुभद्रेनं रात्रभर विचार केला आणि सकाळी भावाला म्हणाली, "गाडी जुंप. आईला मी नेते."

लेकीच्या सासरी आई राहायला नेणं! आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पिताना आई दहादा विचार करी. मी वाटभर बडबडत होते, "तुझा सासरा घरात हाय, घर त्याचं हाय. विहीणबाईला कुठं बसवशील? चूल पेटू देतील का तुला?"

नदीच्या उताराला वाळूत गाडीची चाकं रुतली. सुभद्रेनं आईला पाठंगुळीला घेतलं आणि गुडघाभर पाण्यातून चालायला लागली. पलीकडं गावची पोरं डुंबत होती. त्यांनी बघितलं आणि टाळ्या पिटत धावत सुटली, "सोंग आलं! सोंग आलं! पाठंगुळी आली!" त्यांचा काय दोष? त्यांना तेच दिसलं. दारोदारची माणसं हसत बाहेर आली, आणि जवळून बघितल्यावर एकेक करून गप्प झाली.

शालनबाई दारात कमरेवर हात देऊन उभी. "आता गं बया! येक होता, आता दोन? मामंजींना इचारलंस? रीतभात हाय का काय?" अर्जुनराव तिच्यामागं भिंतीला चिकटलेला. तो म्हणणार होता "बघू", मला त्याच्या ओठांवर दिसत होतं.

सुभद्रा उंबऱ्यात थांबली. आत चुलीशेजारच्या उबेच्या कोपऱ्यात, घोंगडीवर दत्तोबा पडलेला. त्या घरात टेकायला तेवढीच एक बरी जागा. तिनं काही विचारलं नाही. पाठीवरची आई आंधळ्या डोळ्यांनी म्हणत होती, "सुभे, कुठं आलो गं? मला खाली ठेव. तुला जड होतंय."

दत्तोबानं ते ऐकलं. डावा कोपर जमिनीत रोवला आणि अंग ओढलं. वीतभर सरकला. थांबला, धापा टाकल्या, पुन्हा ओढलं. काय करतोय ते आधी कुणालाच कळलं नाही, म्हणून कुणी हात दिला नाही. तो घोंगडीवरून उतरला, उघड्या जमिनीवरून फरफटत दाराच्या बाजूला गेला, आणि विहीणबाईला संकोच नको म्हणून भिंतीकडं तोंड करून पडला.

शालनबाईचे कमरेवरचे हात खाली आले. सुभद्रेनं आत जाऊन गुडघे मोडले आणि आईला त्या जागेवर उतरवलं. घोंगडी अजून ऊन होती.